धंदा वाढवायला शिकवणारी पुस्तकं : किती उपयोगाची आणि कशी वाचावीत?



आजचा विषय आपल्या नेहमीच्या पाठांपेक्षा थोडा वेगळा आहे. पण शिकणं आणि शिकवणं हाच त्याचाही गाभा आहे, म्हणून इथे लिहिते.

माझा धाकटा भाऊ गावी पिठाची गिरणी आणि मिरची कांडप चालवतो. मार्च ते मे त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, कारण आमच्या भागात वर्षाची चटणी याच दिवसांत होते. गेल्या वर्षी हंगाम संपल्यावर त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, मी एक पुस्तक वाचलंय. त्यात लिहिलंय की मोठा विचार केल्याशिवाय कोणी मोठं होत नाही. मी आणखी एक डंक घेतो आणि शेजारच्या दोन गावांत शाखा काढतो. कर्जासाठी घराची कागदपत्रं लागतील. तुला काय वाटतं?"

घर आमच्या आईच्या नावावर आहे. त्यामुळे "पुस्तक खरं बोलतं का?" हा प्रश्न आमच्यासाठी नुसता चर्चेचा राहिला नाही. मी त्याला म्हटलं, "कागदपत्रं नंतर बघू. आधी ते पुस्तक आण, आपण दोघं मिळून वाचू." तिथून सुरुवात झाली. पुढचे काही महिने आम्ही अशी बरीच पुस्तकं वाचली. त्यातून जे समजलं ते सोप्या भाषेत मांडते.

ही पुस्तकं नेमकी कोणत्या प्रकारची असतात?

दुकानात ती एकाच कप्प्यात मांडलेली दिसतात, पण त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

१) यशाचा शोध घेणारी : मोठ्या झालेल्या कंपन्या निवडायच्या, त्यांच्यात समान काय होतं ते शोधायचं आणि तेच यशाचं सूत्र म्हणून सांगायचं.

२) कामाची रीत सांगणारी : माल कुठे अडतो, हिशोब कसा ठेवावा, काम दुसऱ्याच्या हाती कसं सोपवावं, हे शिकवणारी.

३) उमेद देणारी : "तू करू शकतोस" असं सांगणारी.

तिन्ही प्रकारांचा उपयोग वेगळा आणि धोकाही वेगळा. एक-एक पाहू या.

यशाचा शोध घेणारी पुस्तकं आणि त्यांचं पुढे काय झालं

या प्रकारातलं एक गाजलेलं पुस्तक म्हणजे टॉम पीटर्स आणि रॉबर्ट वॉटरमन यांचं 'इन सर्च ऑफ एक्सलन्स'. ते १९८२ साली अमेरिकेत आलं आणि लाखोंनी खपलं. लेखकांनी ४३ उत्तम कंपन्या निवडल्या आणि त्यांचे ८ गुण सांगितले. ग्राहकाच्या जवळ राहा, कृतीवर भर द्या, आपल्याला जमतं त्याच धंद्यात राहा, असे ते गुण. वाचताना कोणाचीही मान डोलेल असेच आहेत.

पण १९८४ साली, म्हणजे दोनच वर्षांनी, 'बिझनेस वीक' या साप्ताहिकाने त्याच कंपन्यांची पुन्हा झडती घेतली. तेव्हा त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश कंपन्या अडचणीत आलेल्या दिसल्या. व्हिडिओ गेम बनवणारी अटारी ही त्यांतलीच एक.

दुसरं उदाहरण जिम कॉलिन्स यांच्या 'गुड टू ग्रेट'चं. हे पुस्तक २००१ साली आलं. त्यामागची मेहनत मोठी आहे. १,४३५ मोठ्या अमेरिकन कंपन्यांची छाननी करून फक्त ११ निवडल्या. निकष असा, की कंपनीचा शेअर १५ वर्षं बाजाराच्या सरासरीपेक्षा किमान तिप्पट वाढलेला हवा. शिवाय तुलनेसाठी त्याच धंद्यातल्या, पण तेवढ्या न वाढलेल्या कंपन्याही अभ्यासल्या. ही काळजी फार थोडी पुस्तकं घेतात.

तरीही या ११ मध्ये सर्किट सिटी नावाची इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची साखळी होती. नोव्हेंबर २००८ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढच्या काही महिन्यांत तिची दुकानं बंद झाली. फॅनी मे ही गृहकर्जाच्या क्षेत्रातली कंपनीही याच यादीत होती. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकन सरकारला तिचा ताबा घ्यावा लागला. वेल्स फार्गो ही बँकही यादीत होती. ग्राहकांच्या नकळत त्यांच्या नावाने खाती उघडल्याबद्दल २०१६ मध्ये तिला मोठा दंड झाला. कॉलिन्स यांनी स्वतः २००९ मध्ये बलाढ्य कंपन्या कशा कोसळतात या विषयावर वेगळं पुस्तक लिहिलं, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला धरूनच झालं.

मग या लेखकांनी खोटं लिहिलं का? तसं म्हणता येणार नाही. चूक त्यांच्या हेतूत नव्हती, पाहण्याच्या पद्धतीत होती. ती चूक आपण शिक्षकही रोज करतो.

पहिली चूक : फक्त पास झालेल्यांना विचारणं

समजा शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला. यादीत आलेल्या मुलांना आपण विचारलं, "बाळांनो, तुम्ही काय केलंत?" सगळे म्हणाले, "पहाटे पाचला उठून अभ्यास केला." मग आपण फळ्यावर लिहिलं : पहाटे उठल्याने शिष्यवृत्ती मिळते.

पण जी मुलं यादीत आली नाहीत त्यांना आपण विचारलंच नाही. त्यांच्यातलीही कितीतरी पहाटे पाचला उठत असतील. तसं असेल तर पहाटे उठणं वाईट नाही, पण यश मिळालं ते त्यामुळेच, असं म्हणता येणार नाही.

धंद्याचंही तसंच. घर गहाण ठेवून धंदा मोठा केलेल्या माणसावर पुस्तक निघतं. घर गहाण ठेवून बुडालेल्या माणसाकडे कोणी मुलाखतीला जात नाही. भावाच्या पुस्तकात 'सर्वस्व पणाला लावलेले' पाच-सहा जण होते, आणि सगळे जिंकलेले! मी त्याला एवढंच विचारलं, "हरलेले कुठल्या पानावर आहेत?" तो हसला, पण नंतर बराच वेळ गप्प बसला.

दुसरी चूक : अक्षर सुंदर म्हणून उत्तरही बरोबर

डी.एड.ला आपण थॉर्नडाइक शिकलो आहोत. पेटीत कोंडलेलं मांजर, प्रयत्न आणि प्रमाद, हे आठवत असेलच. याच थॉर्नडाइक यांनी १९२० साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. सैन्यातले अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना वेगवेगळ्या गुणांसाठी वेगवेगळे गुणांक देत होते. पण ज्याचं एक गुणांकन चांगलं त्याची सगळीच चांगली, असं दिसत होतं. एका गुणाचं तेज बाकी सगळ्यांवर पडत होतं. याला 'हॅलो इफेक्ट' म्हणतात. हॅलो म्हणजे देवाच्या मूर्तीमागचं वलय किंवा प्रभावळ.

आपण पेपर तपासतो तेव्हा अक्षर वळणदार असेल तर उत्तरही बरं वाटतं. वर्गात शांत बसणारं मूल हुशारही वाटतं. हाच तो परिणाम.

फिल रोझेनझ्वाइग या प्राध्यापकांनी २००७ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहून धंद्याच्या पुस्तकांना ही कसोटी लावली. त्यातलं सिस्को या कंपनीचं उदाहरण लक्षात राहण्यासारखं आहे. २००० सालच्या सुरुवातीला सिस्कोचा शेअर प्रचंड चढला होता. तेव्हा ग्राहकांची काळजी घेणारी, दुसऱ्या कंपन्या हुशारीने विकत घेणारी म्हणून तिचं कौतुक होत होतं. वर्षभरात शेअर कोसळला, आणि तीच कंपनी ग्राहकांकडे दुर्लक्ष करणारी, भराभर कंपन्या विकत घेणारी म्हणून टीकेची धनी झाली. आत एवढा बदल एका वर्षात कुठून होणार? बदलला होता निकाल. निकाल पाहून लोकांनी कारणं लिहिली.

म्हणून पुस्तकात "या कंपनीचं नेतृत्व दूरदृष्टीचं होतं" असं वाक्य आलं की मी पेन्सिलीने शेजारी लिहिते : हे कधी ठरवलं? यश मिळण्याआधी की नंतर?

तिसरी चूक : आजूबाजूची परिस्थिती गाळणं

हे उदाहरण आपल्या मातीतलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिला नांगर खपायलाच फार काळ गेला, असं सांगितलं जातं. १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही गोष्ट आपण मुलांना 'चिकाटी' या मूल्यासाठी सांगतो. ती खरीच आहे. पण बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी त्यांना जागा दिली आणि पाठबळ दिलं, हा भाग आपण अनेकदा एका वाक्यात उरकतो. ती जागा रेल्वे स्टेशनाजवळ होती, हेही विसरतो. लोखंड आणायचं आणि नांगर पाठवायचे तर रेल्वेजवळची जागा किती मोलाची, याचा विचार करा.

चिकाटी हवीच. पण वाचणाऱ्याने विचारायला हवं, की माझ्याकडे माझे 'औंधचे राजे' आणि माझं 'स्टेशन' आहे का? नसेल तर तीच पावलं टाकून मी तिथेच पोहोचेन असं नाही.

मग सल्ल्याचा काहीच उपयोग नाही का?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "मॅडम, मग ही पुस्तकं रद्दीत द्यायची का?" तसं मुळीच नाही. सल्ल्याचा उपयोग होतो का हे नीट तपासलेलं आहे, आणि तेही आपल्या भारतात.

निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड गिरण्यांमध्ये एक प्रयोग केला. काही गिरण्यांना एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीकडून अनेक महिने मोफत सल्ला मिळाला. तुलनेसाठी काही गिरण्या अशा ठेवल्या की त्यांना फक्त सुरुवातीची तपासणी करून मिळाली. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. म्हणजे 'फक्त पास झालेल्यांना विचारणं' ही चूक इथे टळली. प्रयोगाचा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पहिल्याच वर्षात सल्ला मिळालेल्या गिरण्यांची उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. पुढे त्यांतल्या मालकांनी नवे कारखानेही काढले. आता त्यांना असा कोणता गुप्त मंत्र दिला होता? ऐकाल तर हसाल. कापडात दोष कुठे आणि का आला याची रोज नोंद ठेवा. बंद पडण्याआधी यंत्राची निगा राखा. सुताच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावा, साठा किती आहे ते लिहून ठेवा. कारखाना झाडून-पुसून ठेवा. रोज थोडा वेळ एकत्र बसून कालच्या अडचणी बोला.

आपल्या शाळेच्या परिपाठाइतक्या साध्या या गोष्टी! तरी त्या आधी का होत नव्हत्या? अनेक मालकांना त्या माहीतच नव्हत्या, आणि ज्यांना माहीत होत्या त्यांना त्याने फरक पडेल असं वाटत नव्हतं.

गोष्टीचा शेवटही महत्त्वाचा आहे. आठ-नऊ वर्षांनी संशोधक पुन्हा तिथे गेले. शिकवलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या बंद पडल्या होत्या. एक कारण म्हणजे व्यवस्थापक बदलले, दुसरं म्हणजे मालकांना लक्ष द्यायला वेळ नव्हता. तरीसुद्धा या गिरण्या तुलनेच्या गिरण्यांपेक्षा पुढे होत्या. थोडक्यात, चांगल्या सवयी फायदा देतात, पण त्या कोणीतरी टिकवाव्या लागतात.

कामाची रीत सांगणारी पुस्तकं

यावरून एक गोष्ट आम्हा भावंडांच्या लक्षात आली. 'महान कसे व्हाल' सांगणाऱ्यापेक्षा 'उद्या सकाळी काय कराल' सांगणारं पुस्तक छोट्या धंद्याला जास्त कामाचं.

एलियाहू गोल्डरॅट हे मूळचे इस्रायलचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचं 'द गोल' हे १९८४ चं पुस्तक कादंबरीसारखं लिहिलेलं आहे. त्यात एका कारखान्याचा व्यवस्थापक मुलांना घेऊन पायी सहलीला जातो. रांग सारखी लांबत जाते. का? हर्बी नावाचा एक मुलगा सगळ्यांत हळू चालतो. पुढची मुलं कितीही जोरात चालली तरी सगळी टोळी मुक्कामाला पोहोचणार हर्बीच्याच वेगाने. शेवटी त्याला रांगेत पुढे आणतात आणि त्याच्या पाठीवरच्या पिशवीतलं ओझं बाकीच्यांत वाटतात. मग सगळी टोळी भराभर चालू लागते.

सहल काढलेल्या प्रत्येक शिक्षकाला हे पटेल! धंद्यातही एक 'हर्बी' असतो. तो शोधायचा. बाकी कुठेही पैसा घातला तरी वेग वाढत नाही.

भावाला मी म्हटलं, "तुझा हर्बी कोण?" तो लगेच म्हणाला, "डंक. एकच आहे ना, म्हणून बायकांना थांबावं लागतं." मी म्हटलं, "अंदाजाने नको, मोजून सांग." हंगाम संपला होता, तरी दिवाळीच्या आधी थोडं काम आलं तेव्हा त्याने घड्याळ लावून मोजलं. डंकावर तासाला साधारण १० किलो मिरची-मसाला कुटला जायचा. पण त्याआधी खडा मसाला भाजावा लागतो, आणि भाजायला कढई एकच, माणूसही एकच. तिथून तासाला जेमतेम ६ किलोचाच माल पुढे यायचा. म्हणजे डंक दर तासाला २४ मिनिटं नुसता वाट बघत होता! आणखी एक डंक आणला असता तर दोन डंक वाट बघत बसले असते.

दुसरं पुस्तक मायकेल गर्बर यांचं 'द ई-मिथ'. ते १९८६ साली आलं आणि १९९५ मध्ये सुधारून पुन्हा निघालं. सुधारित आवृत्तीत पाय नावाचा गोड पदार्थ बनवणारी सारा भेटते. पदार्थ उत्तम, पण दुकान चालवताना ती पार थकून गेलेली. गर्बर यांचा मुद्दा साधा आहे. ज्याला पदार्थ छान बनवता येतो त्याला त्या पदार्थाचा धंदाही चालवता येईल, हे आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. बनवणं हे एक काम, धंदा चालवणं हे दुसरं. म्हणून प्रत्येक कामाची रीत कागदावर उतरवा, म्हणजे तुम्ही नसतानाही ते काम तसंच होईल.

आमच्याकडे मसाला किती लाल होईपर्यंत भाजायचा हे फक्त आमच्या आईला नजरेने कळतं. अशा वेळी दोन गावांत शाखा काढल्या तर आई तीन ठिकाणी कशी उभी राहणार? हा प्रश्न पुस्तक वाचेपर्यंत आमच्या डोक्यात आलाच नव्हता.

कधी कधी तर अख्ख्या पुस्तकाचीही गरज नसते. डॉमिनिकन रिपब्लिक या देशात छोट्या दुकानदारांवर एक प्रयोग झाला. एका गटाला रीतसर हिशोबशास्त्र शिकवलं, दुसऱ्या गटाला फक्त सोपे ठोकताळे दिले. घरचा पैसा एका खणात, धंद्याचा दुसऱ्या खणात, असे. ठोकताळे मिळालेल्या गटाचे व्यवहार जास्त सुधारले. आपण वर्गात हेच अनुभवतो, नाही का? लांबलचक व्याख्येपेक्षा एक सोपी युक्ती मुलं जास्त वापरतात.

उमेद देणारी पुस्तकं

या पुस्तकांना नावं ठेवायची पद्धत आहे, पण मी सरसकट ठेवणार नाही. आफ्रिकेतल्या टोगो देशात १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला नेहमीचं व्यवसाय प्रशिक्षण मिळालं. दुसऱ्या गटाला स्वतः पुढाकार घेण्याचं, अडचण आली तरी चिकाटीने लागून राहण्याचं, नवं काही शोधण्याचं प्रशिक्षण मिळालं. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाचा परिणाम त्यामानाने बराच कमी होता.

म्हणजे मनाची तयारी हीसुद्धा शिकवता येणारी आणि फळ देणारी गोष्ट आहे. पण लक्षात घ्या, टोगोमध्ये लोकांकडून प्रत्यक्ष कामं करून घेतली होती. नुसतं "मोठी स्वप्नं बघा" सांगून सोडलं नव्हतं. ज्या पुस्तकाने चार दिवस अंगात वारं भरतं आणि पाचव्या दिवशी काय करायचं ते कळत नाही, ते पुस्तक अपुरं आहे.

एक हिशोब, जो बहुतेक पुस्तकं मागच्या पानांवर ढकलतात

धंदा वाढतो तेव्हा पैसा वाढतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वाढताना आधी पैसा लागतो. सोयीचे आकडे घेऊन बघू.

समजा एक किलो तयार मसाल्याचा खर्च ३०० रुपये आहे आणि दुकानदाराला तो ४०० रुपयांनी विकला. दुकानदार पैसे एक महिन्याने देतो.

पहिला महिना : १०० किलो माल. खर्च ३०,००० रुपये, विक्री ४०,००० रुपये. नफा १०,००० रुपये, पण पैसे अजून उधारीत.

दुसरा महिना : मागच्या महिन्याचे ४०,००० रुपये हातात आले. तेवढ्यात ३०० किलोची मोठी ऑर्डर आली. आनंदीआनंद! पण माल बनवायला लागणार ९०,००० रुपये. हातात ४०,०००. कमी पडले ५०,००० रुपये.

या ऑर्डरवर वहीत ३०,००० रुपये नफा दिसतोय, आणि गल्ल्यात मात्र खडखडाट. अशा वेळी जास्त व्याजाचं कर्ज घेतलं किंवा दुकानदाराने पैसे आणखी महिनाभर लांबवले, तर नफ्यातला धंदाही बसतो. म्हणून "किती वाढू?" या प्रश्नाआधी "वाढताना मधले दिवस कशावर काढू?" हा प्रश्न सोडवायला हवा. ही आकडेमोड सहावी-सातवीच्या मुलालाही जमेल. पण ती आपल्या आकड्यांनी आपणच करावी लागते. अमेरिकेतल्या लेखकाला आपल्या गावातला दुकानदार उधारी किती दिवसांनी देतो ते कसं कळणार?

असं पुस्तक वाचताना विचारायचे पाच प्रश्न

१) लेखकाने फक्त जिंकलेले पाहिले आहेत की हरलेलेही?

२) सांगितलेली कारणं यशाच्या आधी दिसत होती की निकाल लागल्यावर चिकटवली?

३) त्या धंद्याला कोणाचं पाठबळ होतं, आणि माझ्याकडे ते आहे का?

४) हे वाचून उद्या सकाळी मी नेमकी कोणती एक गोष्ट वेगळी करणार?

५) ती चुकली तर किती नुकसान होईल, आणि ते मला झेपेल का?

पाचवा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रोज नोंद ठेवण्याचा सल्ला चुकला तर एक वही वाया जाते. घर गहाण ठेवण्याचा सल्ला चुकला तर घर जातं. दोन्ही सल्ले एकाच पुस्तकात, एकाच ठळक अक्षरांत छापलेले असतात. त्यांतला फरक ओळखणं हे वाचणाऱ्याचं काम.

भावाने पुढे काय केलं?

त्याने आणखी एक डंक घेतला नाही. मोठी कढई आणि वेगळी शेगडी घेतली, आणि भाजायला गावातल्या एका ताईंना हंगामापुरतं कामावर ठेवलं. आईला शेजारी बसवून कोणता मसाला किती वेळ, किती आचेवर भाजायचा ते वहीत उतरवलं. आई आधी चिडली. म्हणाली, "भाजण्याचं काय लिहायचं असतं?" मग स्वतःच चुका काढायला लागली, "असं नाही, धणे आधी उतरवायचे, असं लिही." घरचा आणि गिरणीचा पैसा दोन डब्यांत गेला.

या हंगामात त्याच्याकडे बायकांची रांग लवकर सरकत होती. तो श्रीमंत झाला असं मी सांगणार नाही, कारण झालेला नाही. शाखेचा विचारही त्याने सोडलेला नाही. परवाच म्हणाला, "ताई, वहीवरून दुसऱ्या कोणाला आईसारखं भाजता आलं, की एका गावात करून बघेन. आधी भाड्याच्या जागेत, एका हंगामापुरतं." घराची कागदपत्रं आईच्या ट्रंकेतच आहेत.

आणि गंमत म्हणजे ते पहिलं पुस्तक, 'मोठा विचार करा' सांगणारं, अजून गिरणीच्या फळीवर आहे. कव्हर मिरचीच्या पुडीने लाल झालंय. तो म्हणतो, "त्याच्यामुळे तर हा सगळा विचार सुरू झाला." ते मला मान्य आहे.

समारोप

वाचक मित्रांनो, आपण वर्गात गाईड वापरायला विरोध करतो. कारण मूल उत्तर पाठ करतं आणि प्रश्न बदलला की अडतं. धंद्याची पुस्तकंही गाईडसारखी वापरली तर तसंच होतं. दुसऱ्याचं उत्तर आपल्या प्रश्नाला लागू पडत नाही. पण तीच पुस्तकं पाठ्यपुस्तकासारखी वापरली, म्हणजे रीत समजून घेतली आणि उदाहरण आपल्या आकड्यांनी स्वतः सोडवलं, तर त्यांचे पैसे नक्की वसूल होतात.

आपल्या शाळेत येणाऱ्या कितीतरी मुलांचे आई-वडील दुकान, गाडा, बचत गट, दुग्धव्यवसाय चालवतात. त्यांच्या हाती असं एखादं पुस्तक किंवा मोबाईलवरचा त्याचा सारांश पडतोच. पालकसभेत कोणी विचारलं तर "वाचा" एवढंच सांगू नका. कसं वाचायचं तेही सांगा.

स्वाध्याय (मोठ्या मुलांसाठी आणि पालकांसाठी)

१) आपल्या गावातल्या एका चालू आणि एका बंद पडलेल्या धंद्याची माहिती घ्या. दोघांनीही केलेल्या सारख्या गोष्टी कोणत्या?

२) शाळेत पोषण आहार वाटताना रांग कुठे अडते ते घड्याळ लावून मोजा. तुमचा 'हर्बी' शोधा.

३) वरच्या मसाल्याच्या हिशोबात दुकानदाराने निम्मे पैसे आधी दिले तर दुसऱ्या महिन्यात किती पैसे कमी पडतील? स्वतः सोडवून पाहा.

४) घरात फक्त एकाच व्यक्तीला येणारं एखादं काम निवडा आणि दुसऱ्याला करता येईल असं ते कागदावर लिहा.